जुनं रेडियम कटर, नवा बोर्ड आणि मधला ड्रायव्हर

यूएसबीचं एक वचन आहे आणि ते १९९६ पासून पाळलं जातंय: जुनी वस्तू नव्या पोर्टात घाला, चालेल. वीस वर्षांपूर्वीचा माऊस आजच्या मदरबोर्डाच्या निळ्या पोर्टात घातला तर खरंच चालतो. तरीही इचलकरंजीतल्या माझ्या दुकानात कुणी ना कुणी येतंच, "मॅडम, मशीन नवीन घेतलं आन् जुनं कटर लागंना झालंय." मशीन म्हणजे कॉम्प्युटर आणि कटर म्हणजे रेडियमची स्टिकरं कापायचं यंत्र. वचनही खरं आणि तक्रारही खरी. काउंटरवर उभ्याउभ्या हे नीट सांगता येत नाही, मागे दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं असतं. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी कंट्रोलर म्हणजे काय ते. पोर्ट ही नुसती खाच. तिच्यामागे एक चिप असते, हल्ली ती चिपसेटच्या, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, पोटातच असते, तिला होस्ट कंट्रोलर म्हणतात. एका बाजूने ती वायरवरून माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्हशी बोलते आणि दुसऱ्या बाजूने ऑपरेटिंग सिस्टिमच्या ड्रायव्हरशी, म्हणजे त्या चिपची भाषा जाणणाऱ्या प्रोग्रामशी. यूएसबीचं वचन पहिल्या बाजूपुरतं आहे. दुसरी बाजू पुन्हा पुन्हा पाडून नव्याने बांधली गेली, आणि माझ्याकडे येणारी बहुतेक दुखणी त्या बाजूची असतात.

सुरुवातीलाच तिथे दोन पंथ होते. इंटेलने यूएचसीआय काढलं. कॉम्पॅक, मायक्रोसॉफ्ट आणि नॅशनल सेमीकंडक्टर यांनी मिळून ओएचसीआय. दोन्हींचं काम एकच, सेकंदाला १.५ आणि १२ मेगाबिटची वाहतूक. यूएचसीआयमध्ये चिप साधी ठेवून काम ड्रायव्हरवर टाकलेलं, ओएचसीआयमध्ये चिपच जास्त राबायची. २००० साली यूएसबी २.० आलं, ४८० मेगाबिटचं, आणि त्याच्यासाठी ईएचसीआय. पण ईएचसीआयला फक्त ४८० मेगाबिटचीच वाहतूक जमायची. हळू वस्तूंसाठी शेजारी एखादा यूएचसीआय किंवा ओएचसीआय सोबतीला बसवणं भाग होतं.

जी३१ चिपसेटचे असेंबल्ड कॉम्प्युटर ज्यांनी वापरलेत त्यांनी हे बघितलंय, लक्षात आलं नसेल एवढंच. त्या बोर्डावर आयसीएच७ नावाची चिप असायची: आठ पोर्ट, चार यूएचसीआय आणि एक ईएचसीआय. विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडला की पाच वेगवेगळे कंट्रोलर रांगेत दिसायचे. पोर्टात काही घातलं की पहिला मान ईएचसीआयचा. कीबोर्डसारखी १.५ मेगाबिटची वस्तू असेल तर तारांच्या स्थितीवरूनच कळायचं आणि पोर्ट लगेच यूएचसीआयच्या हवाली व्हायचा. बाकीच्यांना ईएचसीआय रिसेट द्यायचा. त्या रिसेटमध्येच वस्तूने एक ठरलेली खूण उलट पाठवली तर ती ४८० ची, नाही पाठवली तर १२ ची, म्हणजे पुन्हा सोबत्याकडे. एक बिट फिरला की पोर्टाचा मालक बदलला. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. मला ही रचना अजूनही मनापासून आवडते. जुन्या वस्तूला नव्या चिपकडून "जमवून घे" असं कुणी सांगितलं नाही. तिच्यासाठी तिच्या वेळचा कंट्रोलर शेजारी जिवंत ठेवला.

पुढे इंटेलने यूएचसीआय काढून टाकले आणि ईएचसीआयच्या खाली एक हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा भाग, चिपमध्येच बसवला. हळू वस्तूंची भाषांतरं तो हब करू लागला. वापरणाऱ्याला फरक पडला नाही, कारण ईएचसीआयचा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये होताच आणि हब त्याला ओळखीचा होता.

खरा बदल त्यानंतरचा. नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० जाहीर झालं, ५ गिगाबिटचं, आणि त्याच्या कंट्रोलरसाठी इंटेलने एक्सएचसीआय लिहिलं. या वेळी सोबतीला कुणी ठेवलाच नाही. १.५ मेगाबिटपासून ५ गिगाबिटपर्यंत सगळं एकाच कंट्रोलरने करायचं, असं ठरलं. ड्रायव्हरशी बोलायची पद्धतही मुळातून बदलली. पूर्वी ड्रायव्हर मेमरीत वेळापत्रक मांडून ठेवायचा आणि कंट्रोलर ते पुन्हा पुन्हा वाचत फिरायचा. साधा माऊस जोडलेला असला तरी ही फेरी चालूच, त्यामुळे प्रोसेसरला गाढ झोप मिळायची नाही. एक्सएचसीआयमध्ये ड्रायव्हर कामाची चिठ्ठी गोल रांगेत ठेवतो आणि कंट्रोलरची घंटी वाजवतो. घंटी वाजेपर्यंत कंट्रोलर मेमरीकडे बघतही नाही. काम झालं की दुसऱ्या रांगेत उत्तर येऊन पडतं. लॅपटॉपची बॅटरी आज जेवढी टिकते त्यात या शांततेचाही वाटा आहे.

या नव्या पद्धतीचा ड्रायव्हर सगळ्यात आधी लिनक्समध्ये आला, सप्टेंबर २००९ च्या २.६.३१ मध्ये, आणि तो तेव्हा सारा शार्प या नावाने काम करणाऱ्या सेज शार्प यांनी लिहिला होता. बाजारात यूएसबी ३.० ची वस्तू शोधूनही मिळत नव्हती तेव्हाची ही गोष्ट. या धंद्यात बाई म्हणून मला पहिली काही वर्षं "इंजिनीअर साहेब कुठं आहेत?" असं विचारलं जायचं, त्यामुळे हे नाव माझ्या कायमचं लक्षात राहिलंय. विंडोजमध्ये हा ड्रायव्हर अंगभूत मिळायला २०१२ चं विंडोज ८ यावं लागलं. विंडोज ७ मध्ये तो कधीच अंगभूत नव्हता. दुखण्याचं मूळ इथे आहे.

२०१२ च्या इंटेल सेव्हन सिरीजमध्ये, बी७५ वगैरे बोर्डांत, एक्सएचसीआय पहिल्यांदा चिपसेटमध्ये आला, पण ईएचसीआयही शेजारी ठेवला होता. पोर्टाच्या २.० च्या तारा कुणाकडे जोडायच्या ते सॉफ्टवेअरने ठरवता यायचं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये, एक्सएचसीआय मोड अशी ओळ आणि तिच्यापुढे ऑटो, स्मार्ट ऑटो, एनेबल्ड, डिसेबल्ड असे पर्याय दिसतात ते यासाठीच. ऑटोवर ठेवलं की सुरुवातीला पोर्ट ईएचसीआयकडे. ऑपरेटिंग सिस्टिमकडे एक्सएचसीआयचा ड्रायव्हर असेल तर ती पोर्ट तिकडे वळवून घेते, नसेल तर सगळं जुन्या वाटेने चालतं. पुढच्या दोन सिरीजमध्येही ही सोय होती. २०१५ च्या हंड्रेड सिरीजमध्ये ईएचसीआय काढून टाकला. वळवायला दुसरी वाटच उरली नाही.

आता दुकानातला प्रसंग डोळ्यासमोर आणा. गावात रेडियम कटिंगची, फ्लेक्सची, यंत्रमागाच्या डिझाइनची कितीतरी दुकानं अशी आहेत की ज्यांचं सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या पुढे जात नाही. जुना बोर्ड जळाला, नवा आणला, विंडोज ७ चा पेनड्राइव्ह लावला. बायोसमध्ये कीबोर्ड छान चालतो. पेनड्राइव्हवरून बूटही होतं. रंगीत चिन्ह येतं, भाषा विचारणारी खिडकी येते आणि तिथे माऊसही हलत नाही, कीबोर्डही चालत नाही. नमलॉकचं बटण दाबा, दिवा पेटत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, बोर्ड खराब दिला.

बोर्ड ठणठणीत असतो. तोपर्यंत कीबोर्ड आणि पेनड्राइव्ह दोन्ही बायोसच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालत होते. विंडोजचा गाभा मेमरीत चढला की तो कारभार हातात घेतो आणि बायोस बाजूला होतो. विंडोज ७ ला समोर एक्सएचसीआय दिसतो, त्याच्याशी बोलायचं कसं ते माहीत नसतं, आणि त्याच्यामागचं सगळं एका क्षणात दिसेनासं होतं. पीएस/२ चा, म्हणजे यूएसबीच्या आधीच्या गोल पिनेचा, जुना कीबोर्ड लावून पुढे गेलात तर विंडोज म्हणतं की सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर सापडत नाही. मशीनमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसतोच, तरी हा निरोप! त्याचा अर्थ एवढाच की ज्या पेनड्राइव्हवरून तो आत्ता सुरू झाला तोच आता त्याला दिसत नाही. या एका वाक्यापायी किती चांगले पेनड्राइव्ह आणि किती निर्दोष डीव्हीडी फेकल्या गेल्या असतील!

उपाय कष्टाचा आहे पण पक्का आहे. चिपसेटच्या कंपनीने विंडोज ७ साठी काढलेला एक्सएचसीआयचा ड्रायव्हर इन्स्टॉलरच्या पोटात आधीच घालायचा. डिस्म नावाचं विंडोजचंच साधन त्यासाठी आहे. बूट डॉट विम या फाइलमध्ये दोन भाग असतात. इन्स्टॉलरची खिडकी दुसऱ्या भागातून येते, म्हणून तिथे ड्रायव्हर हवाच. आणि इन्स्टॉल डॉट विममध्येही हवा. तो विसरला तर इन्स्टॉल सुरळीत होतं आणि पहिल्यांदा विंडोज उघडल्यावर कीबोर्ड पुन्हा मुका. ३२ बिटचा ड्रायव्हर ३२ बिटच्या विंडोजला, ६४ चा ६४ ला. ज्या बोर्डाला विंडोज ७ चा ड्रायव्हरच निघालेला नाही तिथे मी स्पष्ट नाही म्हणते. आणि जिथे विंडोज ७ टाकून देते तिथे नेटची वायर काढायला लावते, कारण १४ जानेवारी २०२० पासून त्याचा आधार बंद आहे. कटिंगच्या मशीनवर बँकेचा व्यवहार नको, हे मी बिलावरही लिहून देते.

मला विचाराल तर ईएचसीआय काढायचा निर्णय बरोबरच होता. एकाच पोर्टासाठी दोन कंट्रोलर, दोन ड्रायव्हर आणि मध्ये वळवावळवी, हे कायम चालणार नव्हतं. पण ज्याचं पोट त्या विंडोज ७ वर आहे त्याला आधी कुणी काही सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. बोर्डाच्या खोक्यावर यूएसबी ३.० ठळक छापलेलं असायचं. विंडोज ७ ला वेगळा ड्रायव्हर लागेल, हे तितक्याच ठळक अक्षरात हवं होतं.

आता मूळ तक्रारीकडे, त्या कटरकडे. तिथे विंडोज १० होतं, एक्सएचसीआयचा ड्रायव्हर होता, माऊस-कीबोर्ड सगळं चालत होतं. फक्त कटर घातलं की "यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड". डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि डिस्क्रिप्टरची, म्हणजे वस्तूने स्वतःची ओळख सांगण्याची, विनंती फसल्याचा निरोप. तेच कटर शेजारच्या जुन्या मशीनला लावलं की पहिल्या झटक्यात चालू. दुकानदार म्हणाला, "ताई, कंपनीवाला म्हणतोय कटर जुनं झालं, नवीन घ्या." चांगलं चालतं कटर भंगारात घालायला मी तयार नव्हते.

अशा वेळी मी लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावते. काही इन्स्टॉल करावं लागत नाही आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काय घडलं ते ओळीओळीने सांगतो. इथे ओळ आली: डिव्हाइस डिस्क्रिप्टर वाचताना चूक, उणे ७१. म्हणजे कर्नलने विचारलं "तू कोण?" आणि उत्तर आलं ते मोडकंतोडकं. विंडोजलाही नकार, लिनक्सलाही नकार, म्हणजे कटरचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नव्हता. ड्रायव्हरची पाळी येण्याआधीच बोलणं फिसकटत होतं.

ओळख करून घेण्याचा हा विधी बघण्यासारखा असतो. रिसेट द्यायचा, पत्ता नसलेल्या वस्तूकडून डिस्क्रिप्टरचा पहिला तुकडा मागायचा, पुन्हा रिसेट, मग पत्ता द्यायचा, मग सगळा तपशील मागायचा. नियमावलीत या पायऱ्यांना मोकळीक आहे, पण जुनी विंडोज हे एका ठरावीक क्रमाने आणि ठरावीक सवडीने करायची. स्वस्त यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे यंत्रातला प्रोग्राम, लिहिणाऱ्यांनी त्या सवयीवर आपलं यंत्र चालवून बघितलं आणि विकलं. नियमावली कुणी उघडली असेल-नसेल. ईएचसीआय-यूएचसीआयच्या काळात पत्ता देण्याचं काम ड्रायव्हर करायचा. एक्सएचसीआयमध्ये ड्रायव्हर फक्त हुकूम देतो आणि पत्ता कंट्रोलर स्वतः देतो. वेळेचा हिशेब थोडा बदलतो. नियमाने वागणाऱ्या वस्तूला त्याने काही होत नाही. सवयीवर बेतलेली वस्तू गडबडते. लिनक्सवाल्यांनी तर ओळखीचा जुना क्रम आधी वापरायचा की नवा, यासाठी कर्नलमध्ये एक कळच ठेवली आहे. अशा यंत्रांची त्यांना किती सवय झाली असेल बघा.

त्या कटरला मी शेवटी साधा यूएसबी २.० चा हब लावला. कटर हबमध्ये, हब कॉम्प्युटरमध्ये. चालू झालं. कारण असं की २.० च्या हबमध्ये एक अनुवादक असतो. तो कॉम्प्युटरशी ४८० मेगाबिटने बोलतो आणि कटरशी स्वतः १२ मेगाबिटने. पोर्टाचा रिसेटही कटरला हबच देतो. म्हणजे कटरचं तोंड आता एक्सएचसीआयच्या पोर्टाकडे नसून हबकडे असतं. प्रत्येक वेळी हे चालेल असं मी म्हणणार नाही. पण ज्या वस्तू जुन्या मशीनवर चालतात आणि नव्यावर ओळखच देत नाहीत, त्यांच्यासाठी हा पहिला उपाय, कारण तो सगळ्यात स्वस्त आहे. तेवढ्याने भागलं नाही तर ईएचसीआय आणि ओएचसीआय दोन्ही असलेलं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवायचं. म्हणजे तो जुना सोबती पैसे देऊन परत आणायचा. आणि हे सगळं करण्याआधी अर्थिंग बघायचं. रेडियमचा रोल सरकताना स्थिर वीज तयार होते. अर्थिंग नसलेल्या दुकानात ती यूएसबीच्या वायरवर येते आणि मग कुठल्याच पिढीचा कंट्रोलर टिकत नाही.

वेगाची तक्रार वेगळी असते. ती मुख्यतः लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांची. दोनशे जीबीचा माल, बाहेरची एसएसडी, निळा पोर्ट आणि कॉपी रांगतेय. २.० वर कागदोपत्री ४८० मेगाबिट असले तरी १२५ मायक्रोसेकंदांच्या एका चौकटीत ५१२ बाइटची जास्तीत जास्त १३ पाकिटं बसतात. म्हणजे सेकंदाला ५३ एमबी ही छताची उंची, हातात पडतात तीस-पस्तीस. त्या वेगाने दोनशे जीबीला दीड तासाहून जास्त लागतो. ३.० चं छत ५०० एमबी, कारण दर आठ बिटांमागे तारेवर दहा बिट जातात. चांगल्या एसएसडीला त्यातले चारशेच्या आसपास मिळतात आणि तोच माल साडेआठ मिनिटांत उतरतो. तेव्हा पहिला प्रश्न असा की निळ्या पोर्टात घातलेली एसएसडी खरोखर ३.० वर चालतेय का.

कारण निळा पोर्ट म्हणजे एका खाचेत दोन पोर्ट आहेत. २.० चे चार संपर्क, आणि वेगळे पाच ३.० चे. हे पाच जुळले नाहीत, तर वस्तू बंद पडत नाही, गुपचूप २.० वर उतरते आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही. प्लग अगदी हळू सरकवला तरी कधीकधी असं होतं. वचन पाळण्याच्या या हट्टामुळेच दोष झाकला जातो. आमच्या गावात याचं ठरलेलं कारण म्हणजे कापसाचा फुफाटा. कारखान्याला लागून ऑफिस असलं की हवेतले तंतू खाचेत जाऊन बसतात आणि प्लग त्यांना आत दाबत राहतो. टॉर्च मारून बघितलं की आत करडी गादी दिसते. मशीन बंद करून, प्लास्टिकच्या बारीक टोकाने ती गादी सोडवून ब्लोअर मारला की तीच एसएसडी वेगाने पळायला लागते. सुई किंवा पिन वापरू नका, संपर्क वाकतात.

पोर्ट साफ आहे, जोडणी ३.० ची आहे, तरी वेग अर्धाच मिळतो, असंही होतं. मग ड्रायव्हर बघायचा. पेनड्राइव्हच्या काळापासून चालत आलेली एक पद्धत आहे, तिला बीओटी म्हणतात: ३१ बाइटचा हुकूम पाठवायचा, मग माल, मग १३ बाइटची पोच, आणि पोच आल्याशिवाय दुसरा हुकूम नाही. फिरणाऱ्या डिस्कला हे पुरायचं. एसएसडी एका वेळी डझनावारी हुकूम झेलू शकते आणि या पद्धतीत ती रिकामी बसून राहते. यूएएस ही नवी पद्धत हुकूम, पोच, येणारा माल आणि जाणारा माल यांच्या वाटा वेगळ्या करते आणि हुकुमांची रांग आधीच लावून देते. एका मोठ्या व्हिडिओ फाइलला फरक कमी जाणवतो, हजारो छोट्या फोटोंना जास्त. विंडोज ७ मध्ये यूएएस अंगभूत नाही, विंडोज ८ पासून आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावातच कळतं: यूएसबी अटॅच्ड एससीएसआय लिहिलेलं असेल तर यूएएस, नुसतं यूएसबी मास स्टोरेज असेल तर बीओटी. लिनक्समध्ये एलएसयूएसबी ही आज्ञा टी हा पर्याय देऊन चालवा. सगळं झाडासारखं उलगडतं, प्रत्येक फांदीपुढे ड्रायव्हरचं नाव आणि ४८० किंवा ५००० हा आकडा.

यूएएसचीही एक काळी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. डिस्कच्या डब्यात एक छोटी चिप असते, ती सॅटाचं, म्हणजे डिस्कच्या मूळ जोडणीचं, यूएसबी करते. काही डबे आपण यूएएस बोलतो असं जाहीर करतात आणि भार आला की अडखळतात. कॉपी तीस सेकंद थिजते, रिसेट होतो, पुन्हा थोडी पळते. एका फोटोग्राफरचा डबा असाच होता, आणि त्याच्यात एका लग्नाची एकुलती एक प्रत होती. मी लिनक्सवर त्या डब्यापुरतं यूएएस बंद केलं. कर्नलला डब्याचा क्रमांक आणि यू हे अक्षर दिलं की तो बीओटीवर उतरतो. सगळा माल हळूहळू पण अखंड निघाला. मगच डबा बदलला. कर्नलमध्ये अशा डब्यांची यादीच आहे आणि त्यातल्या एकेका ओळीमागे कुणाची तरी अडकलेली डिस्क असणार. ज्यांनी ती यादी इतकी वर्षं सांभाळलीय त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

हबबद्दलही एक गैरसमज आहे. महागडा ३.० चा हब घेतला म्हणून त्यातल्या २.० च्या वस्तू वेगवान होत नाहीत. ३.० च्या हबमध्ये दोन हब शेजारीशेजारी असतात, एक जुना आणि एक नवा, आणि त्यांच्यात अदलाबदल नसते. २.० चे सगळे मिळून एकाच ४८० मध्ये वाटून खातात. एका क्लासमध्ये ऑनलाइन शिकवायला दोन वेबकॅम लावले होते, दुसरा सुरूच होईना. वेबकॅम आपली जागा आधी राखून घेतो, आणि कमाल मागितली तर एकटा सेकंदाला साधारण २४.५ एमबी राखतो. अशा राखीव वाहतुकीला २.० मध्ये ८० टक्क्यांचीच मुभा, म्हणजे ४८ एमबी. दोघांची बेरीज ४९. एका एमबीसाठी दुसऱ्याला नकार! एका कॅमेऱ्याला एमजेपीईजीवर, म्हणजे दाबून लहान केलेल्या चित्रांवर, टाकून रिझोल्युशन उतरवलं आणि दोन्ही चालले.

आणि वायरलेस माऊस अडखळतोय म्हणून सेल बदलत बसू नका. ३.० ची वाहतूक चालू असताना पोर्टाच्या आसपास २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, आणि वायरलेस माऊस नेमका तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये मोजमापांसह हे प्रसिद्ध केलंय. माऊसचा डोंगल बाहेरच्या डिस्कच्या शेजारी असेल तर तो उचलून पुढच्या पोर्टात लावा, किंवा हातभर एक्स्टेन्शन वायर लावून लांब न्या.

खोक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नका. ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ हे तिन्ही ५ गिगाबिटच आहेत. खोक्यावर गिगाबिटचा आकडा शोधा.

सेकंडहँड बोर्ड घ्यायचा असेल आणि विंडोज ७ वरचं काम सोडता येत नसेल, तर सेव्हन, एट किंवा नाइन सिरीजचा बघा, पीएस/२ पोर्ट असलेला. असे बोर्ड अजून मिळतात आणि त्यांच्यात दोन्ही कंट्रोलर आहेत. माझ्याकडे येणार असाल तर कटर किंवा प्रिंटर उचलून आणायची घाई करू नका. आधी कॉम्प्युटर, तुमची नेहमीची केबल आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा डोंगल घेऊन या, आणि ज्या जुन्या मशीनवर ती वस्तू चालत होती त्याच्या डिव्हाइस मॅनेजरचा मोबाइलवर फोटो काढून आणा, यूएसबी कंट्रोलरची ओळ उघडून. निम्मं उत्तर त्या फोटोतच मिळतं.